ह्युमिडॉर नाही, पावसाळा तोंडावर: गोव्यात घरी सिगार कसे ठेवावेत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भाऊ जहाजावरून सुट्टीवर येताना २५ सिगारची लाकडी पेटी घेऊन आला. तुम्ही म्हापशात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहता. सिगार ओढणं होतं ते सणावारी, चार मित्र जमले तर, त्यामुळे ह्युमिडॉरवर, म्हणजे सिगार ठेवायच्या खास पेटीवर, पैसे घालायचे नाहीत. इंटरनेटवर वाचून तुम्ही प्लॅस्टिकच्या डब्यात ओला स्पंज ठेवायचं ठरवलंय आणि विचारताय, की स्पंज किती ओला हवा आणि किती दिवसांनी परत भिजवायचा.

स्पंज ठेवूच नका. आधीच ठेवला असेल तर हे वाचणं थांबवून तो काढून या.

ज्यांनी तो सल्ला लिहिलाय त्यांच्या देशात हिवाळ्यात घरं हीटरने तापवतात. हवा एवढी कोरडी पडते की उघडा सिगार थोड्याच दिवसांत कुरकुरीत होतो, म्हणून त्यांना डब्यात ओल घालावी लागते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत ओल बाहेर रोखणं हेच काम असतं. मी पणजीत या धंद्यात आहे, दुकानातला साठा सांभाळणं माझ्याकडे असतं. पावसात लोक आपले सिगार दाखवायला घेऊन येतात, त्यांत सुकलेला एखादाच असतो. बाकीचे एक तर बुरशी लागलेले, नाही तर किडीने पोखरलेले. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेतो: दमट आणि उकाड्याच्या घरात, बाहेर ८५-९० टक्के आर्द्रता असताना, एका पेटीभर सिगारना ६५ टक्क्यांच्या आसपास कसं ठेवायचं, आणि त्यांत कीड कशी होऊ द्यायची नाही?

ह्युमिडॉर नाही याची खंत करू नका. लाकडी ह्युमिडॉर आत घातलेली ओल धरून ठेवायला बनवलेला असतो. झाकण नुसतं बसतं, त्याला रबर नसतं, आणि लाकूड स्वतः हवेतलं पाणी पितं. जुलैमध्ये इथल्या हॉलमध्ये ठेवलेला चांगला महागडा ह्युमिडॉरसुद्धा आतली आर्द्रता हळूहळू चढवत नेतो. घट्ट झाकणाचा साधा डबा या हवेत त्याच्यापेक्षा उजवा ठरतो, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

आता कशावर काय अवलंबून आहे ते बघू. पहिलं म्हणजे किती दिवस ठेवायचेत. दोन-तीन आठवड्यांत संपणार असतील तर जाड झिपलॉक पिशवी आणि आर्द्रतेचं, म्हणजे आतली ओल ठरावीक आकड्यावर राखणारं, एक पाकीट पुरतं, पुढचं फारसं वाचायची गरज नाही. चवथीपर्यंत किंवा नाताळापर्यंत ठेवायचे असतील तर डबा हवा. वर्षानुवर्षं मुरवायचे असतील तर गोव्यात तापमानावरही ताबा लागतो, आणि मग वाइनचा छोटा फ्रिज घेण्यावाचून मला दुसरा मार्ग दिसत नाही. दुसरं, घरात एसी कसा चालतो. रात्री चालू आणि दिवसा बंद असलेल्या खोलीत आर्द्रता रात्री पन्नाशीच्या घरात उतरते आणि दुपारपर्यंत पुन्हा ८५ला जाते. उघड्या सिगारसाठी ही रोजची चढउतार सततच्या दमटपणापेक्षाही वाईट, कारण पान फुगतं, आकसतं, पुन्हा फुगतं आणि शेवटी रॅपरला चीर जाते. तिसरं, तुम्ही डबा किती वेळा उघडणार. त्याबद्दल पुढे बोलतो.

हवेत ओल किती आहे हे कळायला आपल्या घरातच एक चोख साधन आहे, ते म्हणजे मीठ. पाकिटातलं शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडं राहतं. त्याच्या वर हवा गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळायला लागतं. म्हणजे ज्या दिवशी बशीतल्या पाकिटातल्या मिठाला पाणी सुटलं, त्या दिवशी त्या खोलीतली हवा ७५च्या पुढे गेलेली असते. मिठागरातलं खडे मीठ या कामाला घेऊ नका, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते खूप आधीच ओलसर होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हा प्रयोग करून बघा, मग डब्यात ओला स्पंज ठेवायची इच्छा आपोआप जाईल.

तंबाखूचं पानही असंच वागतं, फक्त विरघळत नाही. सिगारमध्ये आत फिलरची पानं, त्यांना बांधणारा बाइंडर आणि सगळ्यात वर रॅपरचं पातळ, तेलकट पान. हे तिन्ही भोवतालच्या हवेशी बरोबरी होईपर्यंत पाणी घेत राहतात किंवा सोडत राहतात. ६५ ते ७० टक्क्यांच्या मध्ये सिगार बोटांनी हलका दाबला की किंचित दबतो आणि परत उभा राहतो. त्याच्या वर गेला की फिलर फुगतो, धूर ओढायला जोर लागतो, एक बाजू जळते, दुसरी तशीच राहते आणि सिगार मध्येच विझतो. आर्द्रता ७५च्या वर बरेच दिवस राहिली तर बुरशीचा धोका सुरू होतो आणि ८०च्या वर ती येतेच असं धरून चाला. उलट ५५च्या खाली गेला की रॅपर दाबल्यावर करकरतो, सिगार भराभर आणि गरम जळतो, आणि सुगंध देणारी तेलं उडून गेलेली असतात. ती नंतर कितीही ओल दिली तरी परत येत नाहीत.

बरेच जण ६९-७० सांगतात. गोव्यासाठी मी ६५ सांगतो, क्यूबन सिगार असतील तर ६२ ते ६५. कारण सरळ आहे: आपल्याकडे चूक नेहमी एकाच दिशेने होते. झाकण नीट बसलं नाही, डबा पाच मिनिटं उघडा राहिला, झिप अर्धवट लागली, तर जुलैमध्ये आकडा वरच जाणार. ६९वरून ७५ला पोचायला फार वेळ लागत नाही. ६५वरून सुरुवात केली तर हातात थोडी जागा राहते. शिवाय या थोड्या कोरड्या सिगारला चव आणि जळणं दोन्ही चांगलं मिळतं, हे माझं मत. त्यावर वाद घालणारे भेटतील.

डबा कसा घ्यायचा? म्हापशाच्या बाजारात भांड्यांच्या कुठल्याही दुकानात चारही बाजूंनी क्लिपा लागणारा, झाकणाच्या खोबणीत रबर असलेला डबा मिळतो. तुमची लाकडी पेटी आहे तशी आत मावेल आणि वर चार बोटं जागा राहील एवढाच घ्या. मोठा घेतलात तर प्रत्येक वेळी उघडल्यावर जास्त दमट हवा आत शिरते. रबराची काचेची बरणीही चालते, पण ती अंधारात ठेवावी लागेल. नवीन डब्याला प्लॅस्टिकचा वास असतो आणि तंबाखू वास फार पटकन धरतो. साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, आत वाटीभर खाण्याचा सोडा ठेवून दोन-तीन दिवस राहू द्या. मग सोडा काढा, डबा पुसा आणि नाक आत घालून वास घ्या. वास येत असेल तर सिगार ठेवायची घाई करू नका. लोणच्याचा, मसाल्याचा किंवा सुक्या मासळीचा डबा कितीही घासलात तरी या कामाचा नाही.

डबा खरंच हवाबंद आहे की नाही, हे तपासायला आपल्या हवेचाच उपयोग करून घ्या. एसी चालू असलेल्या खोलीत रिकाम्या डब्यात हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, ठेवून झाकण लावा. समजा आकडा ५५ आला. आता तो डबा एक दिवस एक रात्र बाल्कनीत ठेवा, पाऊस आणि ऊन लागणार नाही अशा जागी. दुसऱ्या दिवशी तो न उघडता पुन्हा त्याच एसीच्या खोलीत आणा आणि निवल्यावर बघा, कारण नुसत्या उबेनेही आकडा उतरतो. आकडा जवळपास तिथेच असेल तर डबा पास. ६५-७०ला चढला असेल तर कुठून तरी हवा आत येतेय. रबर काढून, धुऊन, परत बसवून एकदा बघा, नाही तर तो डबा डाळीसाठी वापरा आणि दुसरा घ्या.

हायग्रोमीटरबद्दल एकच सांगतो. काट्याचे गोल, शोभेचे मिळतात ते घेऊ नका. छोटा डिजिटल घ्या, स्वस्तातलाही चालेल, पण वापरण्याआधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या बुचात मीठ भरा, त्यावर पाण्याचे थोडेच थेंब टाका. मीठ ओल्या वाळूइतकं भिजलं पाहिजे, पण त्याचं पाणी होता कामा नये. बूच आणि हायग्रोमीटर एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. ७१ दिसले तर तुमचं यंत्र चार कमी दाखवतं. तेवढं एका कागदाच्या पट्टीवर लिहून त्याच्या पाठीला चिकटवा आणि पुढे दर वेळी ते मिळवून वाचा.

आता आत ओल राखायची कशाने? बाजारात दोन्हीकडून काम करणारी आर्द्रतेची पाकिटं मिळतात, बोवेडाची सगळ्यांना माहीत असलेली. पाकिटावर ६२, ६५, ६९ असा आकडा छापलेला असतो. आत क्षाराचं संपृक्त द्रावण आणि बाहेर असा पडदा, की त्यातून फक्त पाण्याची वाफ ये-जा करते. वरच्या मिठाच्या परीक्षेमागे जे शास्त्र आहे तेच इथे आहे: प्रत्येक क्षाराचं संपृक्त द्रावण बंद जागेत ठरावीक आर्द्रता राखतं. हवा कोरडी पडली तर पाणी सोडतं, दमट झाली तर ओढून घेतं. हे ओढून घेणंच आपल्या कामाचं आहे, आणि ओला स्पंज नेमकं तेच करू शकत नाही. त्याला फक्त पाणी सोडता येतं, तेही पार शंभर टक्क्यांकडे नेईपर्यंत. २५ सिगारला ६० ग्रॅमचं एक पाकीट असा हिशेब आहे. पावसाळ्यात मी दोन ठेवतो, म्हणजे प्रत्येकाला निम्मं काम.

सिलिका जेलची पुडी टाकू का, असं लोक विचारतात. नको. ती थांबत नाही. बंद छोट्या डब्यात ती आर्द्रता चाळिशीच्याही खाली नेऊ शकते आणि तुम्हाला कळेपर्यंत रॅपर तडकलेले असतात. तांदूळ, बटाट्याची फोड, सफरचंदाची साल हे सगळं विसरा. फळाच्या आणि भाजीच्या फोडीवर बुरशी आधी येते आणि तिथून सिगारवर जाते.

सिगार मूळ पेटीतून काढू नका. ती पेटी बहुधा स्पॅनिश सिडारच्या (हा देवदार नव्हे) लाकडाची असते किंवा आत सिडारचे पातळ पापुद्रे असतात. हे लाकूड थोडी ओल स्वतःत साठवून चढउतार मऊ करतं आणि त्याचा वास तंबाखूला शोभतो. पेटी झाकण किंचित उघडं ठेवून डब्यात ठेवा आणि पाकिटं पेटीच्या बाहेर, सिगारला टेकणार नाहीत अशी. कोणी सुताराकडून नवीन खोका करून घेणार असेल तर सांगतो: आपल्याकडचं तूण हे त्याच सिडारच्या कुळातलं झाड, पूर्वी त्याच्या लाकडाचेही सिगारचे खोके होत. पण ते पूर्ण वाळलेलं हवं आणि आतून पॉलिश, व्हार्निश काहीही नको. सागवानाला स्वतःचा उग्र तेलकट वास असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. प्रत्येक सिगारला पारदर्शक वेष्टन असेल तर ते राहू द्या. त्यातून ओल ये-जा करते, फक्त सावकाश, आणि हाताळताना रॅपर जपला जातो.

डबा बंद करायचा मुहूर्तही महत्त्वाचा. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना मिरची, सोलं, सुकी मासळी पावसाआधी, कोरड्या दिवशी, कोरड्या हाताने भरून झाकण पक्कं करतात ना, तसंच. पाऊस सुरू झालाच असेल तर एसी लावून अर्ध्या तासाने, त्याच खोलीत झाकण लावा, म्हणजे आत अडकलेली हवाच कोरडी असेल.

इथपर्यंतचं थोडक्यात: घट्ट डबा, त्यात मूळ पेटी, ६५ची दोन पाकिटं, तपासलेला हायग्रोमीटर. ओलीचा प्रश्न एवढ्याने मिटतो. पण गोव्यात दुसरा प्रश्न उरतो तो उष्णतेचा, आणि त्याच्याकडे लोक अजिबात बघत नाहीत.

सिगार ठेवायला १८ ते २१ अंश सेल्सियस हे आदर्श मानतात. आपल्या घरात बारा महिन्यांतला बराच काळ २७ ते ३१ असतं. एवढी ऊब तंबाखूच्या किड्याला फार मानवते. लासिओडर्मा सेरिकॉर्नी हे त्याचं शास्त्रीय नाव. दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी, पाठीवरून बाकदार. त्याची अंडी पानाबरोबर शेतातून किंवा गोदामातून येऊ शकतात आणि डोळ्यांना दिसतच नाहीत. २० अंशांच्या आसपास ती गप्प राहतात. तापमान २४-२५च्या वर राहिलं की उबण्याची शक्यता वाढत जाते, आणि ३० अंशांना अंड्यापासून किड्यापर्यंतचा प्रवास महिना-सव्वा महिन्यात पुरा होतो. अळी आतून पान खात बोगदे करते आणि मोठा झालेला किडा रॅपरला टाचणीने भोक पाडल्यासारखं गोल छिद्र पाडून बाहेर पडतो. एका सिगारमधून सुरू झालेली कीड सगळी पेटी खलास करू शकते. वेष्टनालाही किडा भोक पाडतो.

हाच किडा स्वयंपाकघरातही सापडतो. मिरचीपूड, हळद, धणे, सुंठ, कुत्र्याचं कोरडं खाणं, काहीही त्याला चालतं. जुन्या मसाल्याच्या बरणीत बारीक तपकिरी किडे दिसले असतील तर बऱ्याचदा तेच असतात, आणि त्यांना उडता येतं. म्हणून सिगारचा डबा स्वयंपाकघरात, कोठीत, मसाल्याच्या फळीजवळ कधीही ठेवू नका.

यावर घरगुती आणि खात्रीचा उपाय एकच: डब्यात घालण्याआधी सिगार गोठवून घ्या. बरेच मोठे उत्पादक माल पाठवण्याआधी हे करतात, पण तुमच्या पेटीचं झालंय की नाही हे पेटीवरून कळत नाही, आणि ती वाटेत कुठल्या उकाड्यातून आली तेही कळत नाही. त्यामुळे घरी एकदा करून टाकणं बरं.

पद्धत अशी. पेटी एका झिप पिशवीत घाला, हवा शक्य तेवढी दाबून काढा, मग ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. त्याभोवती आणखी एक झाकणाचा डबा, कारण आपल्या फ्रीझरमध्ये बांगडे आणि सुंगटं असणारच आणि तो वास सिगारला लागला तर कायमचा. आधी एक पूर्ण दिवस फ्रिजच्या खालच्या भागात. मग फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, निदान तीन दिवस. मी घरच्या फ्रीझरसाठी पाच ते सात सांगतो, कारण दार सारखं उघडतं आणि पावसात वीजही जाते. मध्ये वीज बराच वेळ गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. त्यानंतर पुन्हा एक दिवस फ्रिजच्या खालच्या भागात, आणि मग एक दिवस खोलीत, पिशव्या न उघडता. या टप्प्यांत घाई केली तर पान एकदम आकसून किंवा फुगून फाटतं. आणि गार पिशवी उघडली तर आपल्या दमट हवेचं पाणी थेट सिगारवर जमा होतं. पिशवीच्या बाहेरचा घाम पूर्ण वाळून पिशवी हाताला खोलीइतकीच लागू लागली, की मगच उघडा.

जुन्या एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा यासाठी पुरेसा थंड असेलच असं नाही. त्यातलं आइस्क्रीम चमच्याने सहज निघत असेल तर तो कप्पा या कामाचा नाही. शेजाऱ्यांकडे किंवा नातेवाइकांकडे डीप फ्रीझर असेल तर त्यांना आठवडाभराची विनंती करा.

आणि काही जण म्हणतात तसं सिगार फ्रिजमध्येच कायमचे ठेवू नका. आजकालच्या फ्रॉस्ट फ्री फ्रिजमधली हवा कोरडी असते, वास असंख्य असतात, आणि दर वेळी बाहेर काढल्यावर घाम धरण्याचं संकट आहेच.

घरात डबा कुठे ठेवायचा? वरच्या मजल्यावर असाल, डोक्यावर थेट स्लॅब असेल, तर माळा आणि कपाटाचा वरचा कप्पा टाळा, तिथे मे महिन्यात भट्टी असते. पश्चिमेची भिंत टाळा. जुन्या चिऱ्याच्या घरात राहणाऱ्यांनी बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नये, कारण पावसात चिरा पाणी पितो आणि कपाटाच्या पाठीपर्यंत ओल येते. आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटाचा खालचा, पण जमिनीपासून वीतभर उंच कप्पा सर्वात बरा. ज्या खोलीत रात्री एसी चालतो तीच निवडा. आणखी थोडा गारवा हवा असेल तर डबा एका नव्या थर्मोकोलच्या किंवा सहलीच्या आइसबॉक्समध्ये ठेवा, बर्फ न घालता. रात्रीचा गारवा दुपारपर्यंत बराचसा टिकतो. मासे आणलेला आइसबॉक्स अर्थातच नको.

त्या कपाटात डांबरगोळ्या असतील तर एकतर त्या हलवा, नाही तर सिगार दुसरीकडे ठेवा. पावसात आपण सगळेच कपड्यांत त्या टाकतो. त्यांचा वास प्लॅस्टिकमधूनही आत जातो आणि असा सिगार ओढण्याच्या लायकीचा राहत नाही. कापूर आणि उदबत्तीचंही तेच. आणि कपाटाला कुलूप लावा. तंबाखू शरीराला घातक आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण लहान मुलाने किंवा कुत्र्याने सिगारचा तुकडा चघळला तर त्यातलं निकोटिन विषासारखं बाधू शकतं.

पावसात डबा उघडायची शिस्त हवी. आकडा बाहेरून दिसेल असा हायग्रोमीटर पारदर्शक डब्याच्या भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे बघायला उघडावं लागत नाही. लवकर ओढायचे पाच-सहा सिगार वेगळ्या छोट्या डब्यात एका छोट्या पाकिटासह काढून ठेवा आणि मोठा डबा शक्यतो बंदच राहू द्या. महिन्यातून एकदा मात्र एसी लावून तो उघडा, वरचे सिगार खाली आणि खालचे वर करा, प्रत्येकाचं कापलेलं टोक, म्हणजे पेटवायच्या बाजूचं उघडं टोक, बघा.

टोक का बघायचं ते सांगतो. बुरशी बऱ्याचदा तिथून सुरू होते. निळसर, हिरवट किंवा पांढरी, केसाळ, ठिपक्याठिपक्यांनी येते आणि कुबट वास असतो. जुन्या सिगारवर तेलाचे पांढरे स्फटिक येतात आणि ते उत्तम मुरल्याचं लक्षण, असं काही लोक अभिमानाने सांगतात. गोव्यातल्या पावसाळ्यात मी तरी कुठलाही पांढरा थर बुरशीच समजतो आणि तुम्हीही तसंच समजा. फक्त रॅपरवर एक-दोन बारीक ठिपके असतील तर तो सिगार बाजूला काढा, कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि वेगळ्या पिशवीत ६२च्या पाकिटासह ठेवून नजर ठेवा. टोकाला, म्हणजे फिलरवर आली असेल तर फेकून द्या. कितीही महागाचा असला तरी बुरशीचा धूर छातीत घेण्यासारखा नाही. पेटीच्या लाकडावर डाग असतील तर पेटीही टाका आणि डबा धुऊन वाळवा.

कापलेल्या टोकाशी किंवा पेटीच्या तळाशी बारीक तपकिरी पूड, आणि रॅपरला गोल भोक दिसलं तर ती कीड. भोक पडलेले सिगार घराबाहेर टाका, बाकीचे सगळे त्याच दिवशी गोठवायला घाला. नुसतं त्या एकाला काढून भागत नाही.

सिगार आधीच दमट झाले असतील, दाबल्यावर स्पंजासारखे लागत असतील, तर उन्हात, पंख्याखाली किंवा एसीच्या झोतासमोर ठेवू नका. बाहेरचा रॅपर आधी आकसेल, आतला फिलर फुगलेलाच राहील आणि चीर पडेल. ६२च्या पाकिटांसह बंद डब्यात दोन-तीन आठवडे राहू द्या. सुकलेल्यांनाही हाच धीर लागतो, फक्त उलट दिशेने: आधी ६२, दोन आठवड्यांनी ६५. ओल्या फडक्यात गुंडाळून एका रात्रीत ते ताजे होत नाहीत, तडकतात मात्र नक्की.

पावसाळ्यात ओढायचा सिगार आदल्या दिवशी डब्यातून काढून एसीच्या खोलीत साध्या लाकडी खोक्यात ठेवलात तर तो जास्त नीट जळतो. ही माझी सवय आहे, सक्ती नाही.

आता पाकिटांचं. पावसाच्या शेवटी ती पाणी पिऊन टम्म फुगलेली दिसतील. नवीन असताना बोटांना आत दाट द्रावण लागतं, ते आता पातळ झालेलं असतं. क्षार पार विरघळून द्रावण संपृक्त राहिलं नाही की पाकीट छापलेला आकडा राखत नाही, आणि डब्यातला आकडा ६८-६९कडे सरकायला लागतो. असं झालं तर पाकीट फेकू नका. एसीच्या खोलीत बशीत उघडं ठेवा, दोन-चार दिवसांत ते पाणी सोडून पुन्हा आकसतं, मग परत डब्यात घाला. दिवाळीनंतर हवा बदलते. डिसेंबर-जानेवारीत दुपारची आर्द्रता चांगलीच उतरते, तेव्हा हीच पाकिटं पावसात प्यालेलं पाणी सिगारना परत देतात. ती हळूहळू कडक होत जातील. आत सगळीकडे खडे लागायला लागले आणि डब्यातला आकडा ६२च्या खाली गेला, की नवीन आणा.